कोऱ्या पेशीचा शोध

संप्रेरकाचा पेशीवर काय परिणाम होतो हे पाहायचे असेल, तर आधी तीच पेशी त्या संप्रेरकाशिवाय जगवून दाखवावी लागते. वाक्य साधे आहे, पण पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काही वर्षे घालवल्यावर माझे असे मत झाले आहे की, कीटकनाशकांचे जुने, चिवट अंश माणसाच्या संप्रेरकांच्या कामात कशी ढवळाढवळ करतात या सगळ्या प्रश्नाची मेख याच वाक्यात आहे. परिणाम मोजायचा तर तुलनेसाठी काहीतरी कोरे हवे, आणि असे कोरे काही हाती लागणे किती अवघड आहे, हे या क्षेत्रातल्या काही महत्त्वाच्या शोधांनी बिघडलेल्या प्रयोगांतूनच दाखवून दिले आहे.

मी ज्या पेशींबरोबर सर्वांत जास्त काम केले त्या एमसीएफ-७ या नावाने ओळखल्या जातात. १९७० मध्ये डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशन या संस्थेत, स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या ६९ वर्षांच्या एका ननच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून त्या मिळवल्या गेल्या आणि १९७३ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. नावातली अक्षरे त्या संस्थेची आहेत. या पेशींमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे त्याला धरून पेशीत त्याचे काम सुरू करून देणारे, प्रथिन भरपूर असते. इस्ट्रोजेन मिळाले की त्या भराभर विभागतात आणि मिळाले नाही तर जिवंत राहतात, पण त्यांची वाढ जवळजवळ थांबते. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांनी याच गुणावर ई-स्क्रीन नावाची चाचणी उभी केली. एखादे रसायन इस्ट्रोजेनसारखे वागते का, हे तिच्यात पेशींनाच विचारायचे असते: रसायन घालायचे, सहाएक दिवस थांबायचे आणि पेशी मोजायच्या.

त्याआधी मात्र त्या पेशींना इस्ट्रोजेनपासून तोडावे लागते. त्या ज्यावर पोसल्या जातात ते सीरम गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्तापासून केलेले असते आणि त्यात संप्रेरके असतातच. ती काढण्यासाठी डेक्स्ट्रानचा लेप दिलेली कोळशाची बारीक पूड सीरममध्ये बराच वेळ ढवळतात. संप्रेरके कोळशाच्या कणांना चिकटतात. मग ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा काळा गाळ टाकून देतात आणि वरचे सीरम अतिसूक्ष्म छिद्रांच्या फिल्टरमधून गाळून घेतात. माध्यमही वेगळे घ्यावे लागते. नेहमीच्या माध्यमात फिनॉल रेड नावाचा रंग असतो. सगळे ठीक असले की तो गुलाबीसर लाल दिसतो, आम्ल साचले की पिवळा पडतो, आणि पेशी सांभाळणाऱ्या माणसाला त्या रंगाचा फार आधार असतो. १९८६ मध्ये असे लक्षात आणून दिले गेले की हा रंगच एमसीएफ-७ पेशींवर सौम्य इस्ट्रोजेनसारखा परिणाम करतो. पुढे तो गुण रंगातल्या एका अशुद्धीचा असल्याचे कळले. याचा अर्थ असा की जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या पेशींची नोंद 'इस्ट्रोजेनशिवाय' अशी केली जात होती, त्यांतल्या कित्येक पेशी प्रत्यक्षात तशा नव्हत्या.

माझ्या बाबतीतही असे एकदा घडले. चोवीस खळग्यांची प्लेट होती आणि पहिल्या रांगेत रसायन न घालता केवळ द्रावक, म्हणजे थोडेसे इथेनॉल, घातलेले होते. सहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्या रांगेत पेशींची विरळ बेटे दिसायला हवी होती. त्याऐवजी पेशी फरशीसारख्या एकमेकींना भिडलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये जागोजागी गोल, चमकदार ठिपके होते. विभागणीच्या बेतातली पेशी तळापासून सुटून अशीच गोल होते आणि प्रकाशात लखलखते. कंट्रोलच, म्हणजे तुलनेसाठी कोरी ठेवलेली रांगच, वाढत असेल तर बाकीच्या वीस खळग्यांचा काही अर्थ उरत नाही. एकेक गोष्ट बदलून पाहण्यात तीन आठवडे गेले, तेव्हा लक्षात आले की सीरमच्या त्या खेपेवर कोळशाची प्रक्रिया दोनदा करायची असताना मी ती एकदाच केली होती. या पेशींची वाढ कमाल पातळीला नेण्यासाठी लिटरभर माध्यमात जेमतेम ३ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे ३ अब्जांश, इतके एस्ट्रॅडिओल, म्हणजे शरीरातले मुख्य इस्ट्रोजेन, पुरते. संप्रेरके किती अल्प प्रमाणात काम करतात हे मी पुस्तकात अनेकदा वाचले होते, पण ते खऱ्या अर्थाने समजले त्या तीन आठवड्यांत.

सोटो आणि सोनेनशाइन यांच्याकडे हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले होते. त्यांच्या कोऱ्या ठेवलेल्या पेशी एकाएकी वाढू लागल्या आणि काही केल्या कारण सापडेना. अखेर शोध लागला तो सीरम साठवण्याच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांपाशी. प्लॅस्टिक ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात मिसळलेले नॉनिलफिनॉल हे द्रव्य पाझरून सीरममध्ये उतरत होते आणि पेशी त्याला इस्ट्रोजेन समजत होत्या. १९९१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. तिथून त्यांचे लक्ष कीटकनाशकांकडे गेले आणि १९९४ मध्ये एन्डोसल्फान, टॉक्झाफीन आणि डिएल्ड्रिन ही तीन कीटकनाशके मानवी पेशींवर इस्ट्रोजेनसारखा परिणाम करतात हे त्यांनी दाखवून दिले.

याहून जुनी एक घटना आहे आणि तिच्यात तर कीटकनाशकच थेट सामील आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फाउट्स हे औषधशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी उंदरांमध्ये औषधांचा निचरा कसा होतो याचा अभ्यास करत होते. झोपेचे औषध दिलेले उंदीर नेहमीपेक्षा लवकर जागे होऊ लागले. शोध घेतला तेव्हा कळले की प्राणी ठेवलेल्या खोल्यांत किडे मारण्यासाठी क्लोरडेन फवारले गेले होते आणि त्यामुळे उंदरांच्या यकृतातली औषध मोडणारी एन्झाइमे वाढली होती. १९६३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही एन्झाइमे बाहेरची औषधे मोडतात तशीच शरीराची स्वतःची स्टेरॉइड संप्रेरकेही मोडतात, म्हणून ही गोष्ट संप्रेरकांच्या चर्चेत येते. पुढे माणसाच्या यकृतपेशींमध्येही हे तपासले गेले, तेव्हा एन्डोसल्फान, डिएल्ड्रिन यांसारखी क्लोरीनयुक्त कीटकनाशके पीएक्सआर या ग्राहीला जागे करून सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढवतात असे दिसले. संप्रेरकाची नक्कल न करता, त्याच्या ग्राहीला स्पर्शही न करता, केवळ त्याच्या निचऱ्याची गती बदलून त्याचा तोल बिघडवता येतो. इस्ट्रोजेनसारख्या वागणाऱ्या रसायनांची चर्चा इतकी होते की हा दुसरा मार्ग अनेकदा विसरला जातो, आणि माझ्या मते तो विसरण्यासारखा नाही.

आता या रसायनांच्या चिवटपणाविषयी. डीडीटी प्रथम तयार झाले १८७४ मध्ये. ते कीटक मारते हे स्वित्झर्लंडमध्ये पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखले आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिवताप आणि टायफस पसरवणाऱ्या कीटकांविरुद्ध त्याने लाखो जीव वाचवले हे खरे आहे आणि ते मान्य न करता या विषयावर लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. परंतु ज्या गुणांमुळे ते इतके उपयोगी ठरले तेच गुण त्याच्या दोषाचे मूळ आहेत. कार्बनला घट्ट धरलेले क्लोरीनचे अणू जिवाणूंच्या आणि यकृताच्या एन्झाइमांना सहज सुटत नाहीत, आणि रेणू पाण्यात जवळजवळ न विरघळता चरबीत मुरतो. शरीर डीडीटीतून क्लोरीनचा एक अणू काढून डीडीई बनवते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. या डीडीईचे प्रमाण माणसाच्या शरीरात निम्म्यावर यायला सुमारे सात ते दहा वर्षे लागतात. एस्ट्रॅडिओल काही तासांत शरीराबाहेर पडण्याच्या वाटेला लागते. संप्रेरकांच्या सगळ्या व्यवस्थेचा पाया असा आहे की निरोप यावा, काम व्हावे आणि निरोप पुसला जावा. डीडीई पुसले जात नाही.

मग ते पेशीत शिरून करते काय? इथे बाजारात विकल्या गेलेल्या डीडीटीची घडण समजून घ्यावी लागते, कारण ते एकच एक द्रव्य नव्हते. त्यातला सुमारे ७७ टक्के भाग पॅरा-पॅरा डीडीटीचा आणि सुमारे १५ टक्के भाग ऑर्थो-पॅरा डीडीटीचा असे. दोघांत फरक इतकाच की एका वलयावरचा क्लोरीन वेगळ्या जागी बसलेला असतो. कीटक मारण्याच्या कामी पहिला प्रबळ आहे, पण इस्ट्रोजेनच्या ग्राहीत बसतो तो दुसरा. इस्ट्रोजेनच्या ग्राहीतला जो खोलगट भाग संप्रेरकाला सामावून घेतो, तो एस्ट्रॅडिओलच्या रेणूपेक्षा आकारमानाने जवळजवळ दुप्पट आहे. घर पाहुण्यापेक्षा मोठे असल्यामुळे तिथे इतरही रेणू मावतात, आणि त्यांतले काही ग्राहीची घडी अशी वळवतात की ते प्रथिन केंद्रकातल्या जनुकांवर जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनने करायचे तेच काम सुरू करून देते. ऑर्थो-पॅरा डीडीटीचा हा गुण उंदरांच्या गर्भाशयावर १९६८ मध्ये दाखवला गेला. खरे तर इशारा १९५० मध्येच मिळाला होता: डीडीटी टोचलेल्या कोंबड्याच्या नर पिल्लांची वृषणे अगदीच लहान राहिली आणि त्यांचे तुरे वाढले नाहीत. ते संशोधन करणाऱ्यांनी डीडीटीची रचना कृत्रिम इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असल्याकडे तेव्हाच लक्ष वेधले होते. मला या घटनेचे वाईट वाटते ते यासाठी की डीडीटीच्या वापराचा जोर त्यानंतरच वाढला.

डीडीईची तऱ्हा वेगळी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे विल्यम केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पॅरा-पॅरा डीडीई अँड्रोजेनच्या, म्हणजे पुरुषी संप्रेरकांच्या, ग्राहीत जाऊन बसते पण काम काहीच करत नाही. ते जागा अडवते. टेस्टोस्टेरॉन येते, पण त्याला बसायला जागा नसते आणि जनुके गप्प राहतात. एकाच फवाऱ्यातला एक घटक इस्ट्रोजेनची भूमिका वठवतो आणि दुसऱ्याचा अवशेष अँड्रोजेनला अडवतो, त्यामुळे 'डीडीटी इस्ट्रोजेनसारखे आहे' हे नेहमी ऐकू येणारे विधान अर्धेच खरे ठरते. मेथॉक्सिक्लोर हे डीडीटीला सुरक्षित पर्याय म्हणून आणलेले कीटकनाशक. यकृत त्याचे जे रूपांतर करते ते द्रव्य इस्ट्रोजेनच्या एका ग्राहीला जागे करते आणि त्याच संप्रेरकाच्या दुसऱ्या ग्राहीला अडवते. म्हणजे स्तनाच्या पेशीत आणि अंडाशयाच्या पेशीत त्याचा परिणाम सारखा असेलच असे नाही.

या कुटुंबातल्या एका रेणूचा मानवी पेशींवरचा परिणाम तर वैद्यकाने मुद्दाम वापरला आहे. १९४९ मध्ये डीडीडी हे डीडीटीचे भावंड दिलेल्या कुत्र्यांच्या अधिवृक्क, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या, ग्रंथींचे कवच झिजून गेल्याचे आढळले. हे काम त्यातल्या ऑर्थो-पॅरा रूपाचे होते, आणि मायटोटेन या नावाने तेच द्रव्य अधिवृक्क ग्रंथीच्या कर्करोगावर आजही औषध म्हणून दिले जाते. ते त्या कवचाच्या पेशींतली ऊर्जाकेंद्रे मोडते आणि कॉर्टिसोलची निर्मिती बंद पाडते, इतकी की रुग्णाला कॉर्टिसोल बाहेरून द्यावे लागते. त्याची रक्तातली पातळी लिटरला १४ ते २० मिलिग्रॅम ठेवावी लागते, म्हणजे पर्यावरणातून शरीरात येणाऱ्या अंशांपेक्षा ती कैक पटींनी जास्त असते, आणि ही तुलना करताना तो फरक विसरता कामा नये. तरीही डीडीटीसारख्या रेणूचा माणसाच्या संप्रेरक बनवणाऱ्या पेशींशी काय संबंध, असे कोणी विचारले की मला प्रथम मायटोटेन आठवते.

केंद्रकापर्यंत न जाताही हे अंश परिणाम करतात, आणि मला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात आणि त्याच्या खुणेने शुक्राणूच्या शेपटीतली कॅटस्पर नावाची कॅल्शियमची वाट उघडते. हे २०११ मध्ये सिद्ध झाले. कॅल्शियम आत आले की शेपटीचा मारा जोरकस होतो आणि बीजाचे आवरण भेदण्याची तयारी सुरू होते. ही सगळी क्रिया योग्य जागी आणि योग्य क्षणी व्हावी लागते. २०१३ मध्ये असे दाखवले गेले की पॅरा-पॅरा डीडीई पर्यावरणात आढळणाऱ्या अल्प पातळीलाच मानवी शुक्राणूंची तीच वाट उघडते. म्हणजे बीज अजून दूर असताना खूण मिळते आणि शुक्राणूची तयारी अवेळी होते. शुक्राणूत जनुके जवळजवळ निद्रिस्त असतात, त्यामुळे जनुकांवर होणारा परिणाम मोजणाऱ्या कोणत्याही चाचणीत ही गोष्ट दिसली नसती. बीटा-एचसीएच हेही असेच कोड्यात टाकणारे द्रव्य आहे. लिंडेन हे कीटकनाशक बनवताना निघणाऱ्या मिश्रणातला हा सर्वांत चिवट भाग. तो एमसीएफ-७ पेशींना वाढवतो, पण इस्ट्रोजेनच्या ग्राहीला नेहमीच्या पद्धतीने चिकटत नाही.

अंडाशयाचीही एक नोंद इथे करते. ज्या पुटकात स्त्रीबीज पिकते त्यातल्या द्रवात डीडीई सापडले आहे, आणि मानवी पुटकपेशींवरच्या २००४ मधल्या प्रयोगांत पीयूषिकेच्या एफएसएच या संप्रेरकासोबत डीडीई दिल्यावर इस्ट्रोजेन बनवणाऱ्या अरोमाटेझ एन्झाइमचे काम वाढले. थायरॉइडच्या बाबतीत पेंटाक्लोरोफिनॉल हे लाकूड टिकवण्यासाठी वापरले गेलेले क्लोरीनयुक्त द्रव्य रक्तातल्या ट्रान्सथायरेटिन या वाहक प्रथिनाला स्वतः थायरॉक्सिन या थायरॉइडच्या संप्रेरकापेक्षाही घट्ट धरते; हेक्साक्लोरोबेंझीन या बुरशीनाशकाचे शरीरात जे रूपांतर होते त्यातही पेंटाक्लोरोफिनॉल असते.

आता या सगळ्यावरच्या सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येते. ई-स्क्रीनमध्ये एन्डोसल्फानची ताकद एस्ट्रॅडिओलच्या सुमारे दहा लाखांश भरते. पेशींना वाढवायला लागणारे त्याचे प्रमाण माणसाच्या रक्तात सहसा आढळणाऱ्या प्रमाणाच्या पुष्कळ वर असते. मग काळजी कशाची? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही, कारण संवर्धनाच्या प्लेटमध्ये जे दिसते ते शरीरात होतेच असे म्हणणारा माणूस प्लेट आणि शरीर दोन्हींवर अन्याय करतो. तिथे यकृत नसते, गर्भाला पोसणारी वार नसते, आणि घातलेल्या रसायनाचा काही भाग प्लॅस्टिकला आणि सीरमच्या प्रथिनांना चिकटून बसतो, त्यामुळे पेशीपर्यंत नेमके किती पोहोचले हेही वेगळे मोजावे लागते. पण ताकदीचे हे गणित दुसऱ्या बाजूनेही अपुरे आहे. रक्तातले बहुतेक एस्ट्रॅडिओल वाहक प्रथिनांना बांधलेले असते आणि त्याचा फार थोडा भाग पेशीत शिरायला मोकळा असतो. परक्या रेणूंना ती प्रथिने तितक्या घट्टपणे धरत नाहीत. शिवाय प्लेटमध्ये आपण सहा दिवस मोजतो, तर शरीरात वर्षे जातात.

तिसरा मुद्दा मिश्रणाचा, आणि त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे. १९९६ मध्ये एका नामवंत विज्ञान नियतकालिकात असा दावा प्रसिद्ध झाला की दोन सौम्य कीटकनाशके एकत्र दिली तर त्यांची इस्ट्रोजेनसारखी ताकद शेकडो पटींनी वाढते. खळबळ माजली. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या एका कायद्याने कीटकनाशकांची इस्ट्रोजेनसारख्या परिणामांसाठी चाचणी घेणे बंधनकारक केले. पण इतर प्रयोगशाळांना तो निकाल पुन्हा मिळेना, मूळ गटालाही मिळेना, आणि १९९७ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. ज्यांना हा विषयच मिटवायचा होता त्यांच्या हाती त्यामुळे आयते कारण आले, आणि त्याची किंमत प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांनी बरीच वर्षे मोजली. वास्तविक अशा चमत्काराची गरजच नव्हती. सोटो यांच्या १९९४ च्या कामातच असे दिसले होते की एकेकटी देताना जे प्रमाण लागते त्याहून कमी प्रमाणात अनेक रसायने एकत्र दिली तर पेशी प्रतिसाद देतात. लंडनमधल्या आंद्रेआस कोर्टेनकॅम्प यांच्या गटाने २००१ मध्ये चार क्लोरीनयुक्त द्रव्ये घेतली: डीडीटीची दोन्ही रूपे, डीडीई आणि बीटा-एचसीएच. प्रत्येकाचे प्रमाण इतके कमी ठेवले की ते एकेकटे दिले तर एमसीएफ-७ पेशींवर परिणाम दिसू नये. एकत्र दिल्यावर पेशी वाढल्या. चमत्कार काही नव्हता, साधी बेरीज होती, आणि ती आधीच सांगता येईल अशी होती. मला ही साधी बेरीज त्या मागे घेतलेल्या दाव्यापेक्षा कितीतरी जास्त गंभीर वाटते, कारण सुरक्षित मर्यादा ठरवताना आजही प्रामुख्याने एकेका रसायनाचा विचार होतो आणि पेशीला मात्र ती सगळी एकदम भेटतात.

माणसांमध्ये प्रत्यक्ष घडलेले उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या होपवेलचे घ्यावे. तिथे केपोन, म्हणजे क्लोरडेकोन, हे कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचे हात थरथरू लागले, नजर स्थिर राहीना, आणि तपासणीत त्यांच्या शुक्राणूंची संख्याही घटलेली आढळली. १९७५ मध्ये तो कारखाना बंद झाला. क्लोरडेकोन इस्ट्रोजेनच्या ग्राहीला चिकटते. पित्तावाटे आतड्यात येणारे हे द्रव्य पुन्हा शोषले जाऊ नये म्हणून कामगारांना कोलेस्टायरामीन हे औषध दिले गेले, रक्तातली पातळी उतरली आणि शुक्राणूंची स्थिती सुधारली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण या विषयात बरे झाल्याच्या नोंदी फार कमी वाचायला मिळतात. हेच द्रव्य कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक आणि ग्वादलुप बेटांवर केळीच्या सोंडकिड्यावर १९९३ पर्यंत वापरले गेले, आणि तिथल्या जमिनीतून ते अजून गेलेले नाही. माणसाच्या शरीरातून जे काही महिन्यांत निम्मे होते, ते मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर अशा चिवट रसायनांना आळा घालणारा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला आणि २००४ मध्ये अमलात आला. पहिल्या यादीतल्या बारा नावांपैकी बहुतेक कीटकनाशके होती. पुढे २००९ मध्ये लिंडेन आणि क्लोरडेकोन, २०११ मध्ये एन्डोसल्फान आणि २०२३ मध्ये मेथॉक्सिक्लोर अशी भर पडत गेली. रोगवाहक कीटकांसाठी डीडीटीला अटींसह मुभा ठेवलेली आहे, आणि जिथे दुसरा उपाय खरोखर नाही तिथे ती असावी असेच मला वाटते.

शेवटी पुन्हा कोऱ्या पेशीकडे. अमेरिकेतल्या ओकलंडच्या परिसरात १९५९ ते १९६७ या काळात हजारो गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने घेऊन गोठवून ठेवले गेले होते. तो डीडीटीच्या भर वापराचा काळ. संशोधक बार्बरा कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकांनी ते नमुने काढून तपासले. त्याआधीच्या अनेक अभ्यासांत प्रौढ वयात रक्तातले डीडीई मोजले जात असे आणि स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसत नसे. २००७ मध्ये कोन यांच्या गटाला आढळले की १९४५ मध्ये, म्हणजे डीडीटी सर्वत्र पसरू लागले तेव्हा, ज्या मुली चौदा वर्षांहून लहान होत्या आणि पुढे ज्यांच्या रक्तात पॅरा-पॅरा डीडीटी जास्त होते, त्यांच्यात पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग होण्याची जोखीम पाचपट होती. ज्या त्या वेळी मोठ्या होत्या त्यांच्यात ती वाढ नव्हती. स्तनाच्या ज्या पेशी अजून घडायच्या असतात त्यांना जे भेटते, त्याचा हिशेब घडून झालेल्या पेशींपेक्षा वेगळा लागतो. २०१५ मध्ये त्याच गोठवलेल्या नमुन्यांवरून मुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला: आईच्या रक्तात ऑर्थो-पॅरा डीडीटी सर्वाधिक असलेल्या गटातल्या मुलींना बावन्न वर्षांच्या आत स्तनाचा कर्करोग होण्याची जोखीम सर्वांत कमी असलेल्या गटापेक्षा जवळजवळ चौपट निघाली. ऑर्थो-पॅरा डीडीटी म्हणजे तोच, इस्ट्रोजेनच्या ग्राहीत मावणारा, मिश्रणातला पंधरा टक्क्यांचा घटक.

त्या अभ्यासातला तुलनेचा गट मी अनेकदा डोळ्यांपुढे आणते. माझ्या प्लेटमधल्या पहिल्या रांगेत निदान कोळशाने धुतलेले सीरम होते, आणि चूक झाली तेव्हा ते पुन्हा धुऊन घेता आले. ओकलंडच्या तक्त्यात पहिल्या रांगेत ज्या स्त्रिया होत्या त्या डीडीटी नसलेल्या नव्हत्या. इतरांपेक्षा ज्यांच्या रक्तात ते कमी होते, अशा त्या होत्या.